पाण्याखालची शाळा

आईवडिलांनी सांगावे आणि मुलांनी ऐकावे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. चालायला, बोलायला, पाटीवर अक्षरे गिरवायला आपणच मुलांना शिकवतो. त्यामुळे आपण शिकवणारे आणि मुले शिकणारी, ही समजूत मनात पक्की होऊन बसते. माझे आयुष्य मराठी भाषेच्या अभ्यासात आणि पाठ्यपुस्तकांच्या कामात गेले. इतरांनी काय शिकावे, कसे शिकावे, याचा विचार करता करता स्वतः शिकताना मनाची काय अवस्था होते, हे मी जवळजवळ विसरून गेले होते. वयाच्या 52 व्या वर्षी मात्र मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि माझ्या शेजारी बसलेली सहाध्यायिनी होती माझीच 13 वर्षांची मुलगी! विषय होता स्कूबा डायव्हिंग. म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून, पाण्याखाली श्वास घेत समुद्रात वावरण्याची विद्या.

या साऱ्याची सुरुवात समुद्रापासून शेकडो कोस दूर, चंदीगड शहरात झाली. आमचे वास्तव्य तेथे आहे. एका रविवारी आम्ही मायलेकी कॅपिटल कॉम्प्लेक्स पाहायला गेलो होतो. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय या तीन भव्य इमारतींचा हा परिसर ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने योजला आणि 2016 साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांमध्ये समावेश केला. याच परिसरात ‘ओपन हँड’, म्हणजे उघडा हात, हे धातूचे प्रचंड शिल्प उभे आहे. त्याची उंची 26 मीटर असून वारा वाहील तसा तो हात सावकाश फिरतो. कॉर्बुझिएने त्याची कल्पना फार पूर्वी मांडली होती. प्रत्यक्षात शिल्प उभे राहिले ते 1985 साली. ते पाहायला कॉर्बुझिए हयात नव्हता. 27 ऑगस्ट 1965 रोजी, वयाच्या 77 व्या वर्षी, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात पोहत असताना त्याचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी त्याला पोहायला मनाई केली होती, असे सांगतात.

हे ऐकून माझ्या मुलीने विचारले, “त्यांना पोहता येत होतं ना? मग असं कसं झालं?”

मी म्हणाले, “पोहता येत होतं, पण डॉक्टरांचं ऐकलं नाही.”

“मोठी माणसं ऐकतच नाहीत,” ती सहज बोलून गेली. मी हसले आणि विसरून गेले. ते वाक्य पुढे माझ्याच वाट्याला येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

त्याच दिवशी परतताना तिने मनातली इच्छा सांगितली. तिच्या मावसभावाने मालवणच्या समुद्रात घेतलेली पाण्याखालची छायाचित्रे तिने पाहिली होती. तिलाही ती विद्या शिकायची होती. नुसती पर्यटकासारखी एक बुडी मारून यायची नव्हती, तर रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवायचे होते. चौकशी केली तेव्हा समजले, की वयाच्या दहाव्या वर्षापासून हे शिक्षण घेता येते. परंतु 12 ते 14 वर्षांच्या मुलांनी पुढे समुद्रात उतरायचे, तर प्रमाणपत्र मिळवलेली प्रौढ व्यक्ती सोबत असावी लागते. आमच्या घरात अशी व्यक्ती कोठून असणार? तिचे बाबा पाण्यापासून चार हात दूर राहणारे. उरले मी.

माझे माहेर सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. रात्री अंथरुणावर पडल्यावर समुद्राची गाज ऐकू येई, इतक्या जवळ आमचे घर होते. भाऊ समुद्रात मनसोक्त डुंबत. आम्ही मुली मात्र घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्यांचे कपडे सांभाळत असू. पोहणे हे मुलींचे काम नव्हे, असे कोणी बोलून दाखवत नसे आणि ते सर्वांना ठाऊक असे. समुद्राच्या काठी वाढूनही मला पोहता येत नव्हते. मुलीसाठी म्हणून मी होकार दिला खरा. पण त्या होकारात घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या लहान मुलीचाही वाटा असावा, असे आता वाटते.

पोहण्यापासून सुरुवात करणे भाग होते. प्रमाणपत्रासाठी न थांबता 200 मीटर पोहता यावे लागते आणि 10 मिनिटे आधाराविना पाण्यावर तरंगता यावे लागते. एप्रिलमध्ये आमच्या जवळचा तरणतलाव उघडला. पहाटेच्या वर्गात माझ्या आगेमागे आठ-नऊ वर्षांची मुले होती. ती बेडकासारखी टणाटण उड्या मारीत आणि मी काठाची नळी घट्ट धरून पाय हलवीत असे. माझ्या मुलीला पोहणे आधीपासून येत होते. ती म्हणे, “आई, पाण्याशी भांडू नकोस. मान सैल सोड.” हेच वाक्य प्रशिक्षकांनी सांगितले तर मी निमूट ऐके, तिने सांगितले की मला राग येई. आपण जिला बोट धरून चालायला शिकवले, तिने आपल्याला शिकवावे, हे मनाला पटायला वेळ लागतो. सप्टेंबर उजाडेपर्यंत मी 200 मीटर पोहू लागले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तिच्या सूचनांचा राग येणे थांबले. निदान मला तसे वाटले.

दुसरी पायरी होती वैद्यकीय प्रश्नावलीची. दमा आहे का, हृदयविकार आहे का, रक्तदाबाचे औषध चालू आहे का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, असे अनेक प्रश्न त्यात होते. एकाही महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर डॉक्टरांची लेखी संमती आवश्यक होती. मी रक्तदाबाची गोळी घेते. क्षणभर वाटले, ‘नाही’ लिहून टाकावे. इतक्या छोट्या गोळीचे काय मोठेसे? पण मुलगी शेजारी बसून प्रश्न मोठ्याने वाचत होती. मी ‘होय’ लिहिले, डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली आणि त्यांनी संमती दिली. कागदावर खरे लिहिले, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

डिसेंबरच्या सुटीत आम्ही मालवणला पोहोचलो. पावसाळ्यात खवळलेला तेथील समुद्र हिवाळ्यात शांत होतो आणि पाणी पुष्कळसे निवळते. समोर सिंधुदुर्ग किल्ला. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले आणि 1667 साली ते पूर्ण झाले. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढते. या भागाला 1987 साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येसाठी संस्था उभारली असून, इतरही अनेक केंद्रांतून येथील तरुण हे काम करतात. अशाच एका केंद्रात आमचे नाव घातले होते. आमचे प्रशिक्षक होते एका मासेमाराच्या घरातला पंचविशीचा तरुण. ते मला ‘ताई’ म्हणत आणि माझ्या मुलीला ‘बाय’. पण नियम सांगताना दोघींना एकाच स्वरात सांगत.

पहिले दोन दिवस तलावात शिकवणी होती. तोंडात धरायच्या उपकरणाला रेग्युलेटर म्हणतात. आपण श्वास ओढू तेवढीच हवा ते सिलिंडरमधून सोडते. 1943 साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी असे उपकरण सिद्ध केले, तेव्हापासून ही विद्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. त्या उपकरणातून पाण्याखाली घेतलेला पहिला श्वास मी कधीही विसरणार नाही. नाक पाण्यात असताना श्वास घ्यायचा नसतो, हे शरीर जन्मापासून जाणते. ते शरीराला विसरायला लावायचे म्हणजे स्वतःचीच समजूत काढावी लागते. मी समजूत काढली. हवा आत आली. बुडबुड्यांचा गडगडाट कानांभोवती झाला आणि मी जिवंत होते!

मग नियम आले. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे, पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. त्याचे कारण प्रशिक्षकांनी फुग्याचे उदाहरण देऊन सांगितले. समुद्रात दर 10 मीटर खोलीला वातावरणाच्या एका पटीएवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर फुगवलेला फुगा 10 मीटर खाली नेला, तर तो निम्मा होतो. उलट, तेवढ्या खोलीवर भरलेला फुगा वर आणला, तर तो दुप्पट होऊ पाहतो. आपली फुप्फुसे म्हणजे असेच फुगे. खाली भरलेली हवा कोंडून धरून माणूस घाईने वर आला, तर ती हवा फुगून फुप्फुसांना इजा होऊ शकते. दोन मीटर खोलीवरूनसुद्धा! म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा आणि वर येताना कधीही घाई करायची नाही. आमच्या प्रशिक्षकांनी मिनिटाला 9 मीटर ही मर्यादा घालून दिली होती. नव्याने प्रमाणपत्र मिळवणाऱ्याने 18 मीटरपेक्षा खोल जायचे नसते. मला चंदीगडचा तो उघडा हात आठवला. त्याच्या पायाशी उभे राहून वर पाहताना मान दुखते. पण चढत्या हवेत आणि चढत्या पाण्यात केवढा फरक असतो! हवेत 26 मीटर वर गेलो तरी कानाला कळत नाही. पाण्यात तीन मीटर खाली गेलो, की कान आपले अस्तित्व जाणवून देतात.

कानांचा नियमही तितकाच महत्त्वाचा होता. खाली उतरताना नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकर घालायची. म्हणजे कानाच्या आतला दाब बाहेरच्या दाबाएवढा होतो. दुखू लागण्यापूर्वीच आणि वारंवार हे करायचे. कान मोकळे झाले नाहीत, तर जोर करायचा नाही. थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही जमले नाही, तर त्या दिवशी बुडी नाही. सर्दी असेल तर पाण्यात उतरायचेच नाही. औषध घेऊन नाक मोकळे केले, तरी नाही; कारण औषधाचा अंमल पाण्याखाली उतरला, तर कोंडलेली हवा वर येताना वाट शोधू लागते.

पाण्याखाली बोलता येत नाही; तेथे हातच बोलतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, की ‘मी ठीक आहे’ आणि समोरच्याने तसा केला, की ‘तू ठीक आहेस का?’ तळवा आडवा धरून डोलावला, की ‘काहीतरी अडचण आहे’. अंगठा वर केला, की जमिनीवर आपण ‘छान’ असे समजतो. पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ ‘वर चला’ एवढाच होतो. या खुणेविषयी प्रशिक्षकांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. जोडीतील कोणीही, केव्हाही, कोणतेही कारण न देता अंगठा वर करू शकतो. दुसऱ्याने वाद घालायचा नाही. तीच खूण परत करायची आणि दोघांनी मिळून वर यायचे. भाषेचा अभ्यास केलेल्या मला ही लिपी फार आवडली. तीत पर्यायी शब्द नव्हते आणि सारवासारव करायलाही जागा नव्हती, असे मला वाटले.

या विद्येत प्रत्येकाला एक जोडीदार असतो. आमची जोडी अर्थातच मायलेकींची. पाण्यात उतरण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचे साहित्य तपासायचे: जॅकेटमध्ये हवा भरते आणि सुटते का, वजने नीट आहेत का, पट्ट्यांची बकले कोठे आहेत, सिलिंडर उघडला आहे का, दाबमापकावर हवा किती आहे आणि शेवटी सगळ्यावर पुन्हा एक नजर. पहिल्या दिवशी मी मुलीचे साहित्य दोनदा तपासले आणि माझ्या पाळीला म्हणाले, “माझं ठीक आहे, चला.”

प्रशिक्षक थांबले. म्हणाले, “ताई, बायला खाली हवा कमी पडली, तर ती कोणाकडे येणार?”

“माझ्याकडे.”

“आणि तुमचाच सिलिंडर बंद असला तर?”

मी काही बोलले नाही. मुलाची काळजी घ्यायची म्हणजे स्वतःकडे दुर्लक्ष करायचे, असे आपल्याकडच्या आयांना न शिकवता येते. उरलेली भाकरी आपण खायची, दुखणे अंगावर काढायचे, थकवा लपवायचा. पाण्याखाली या सवयीला मोल नाही. तेथे स्वतःची नीट काळजी घेणारी आईच मुलीच्या उपयोगाची असते. मी हात पसरून उभी राहिले आणि मुलीने माझा प्रत्येक पट्टा गंभीरपणे ओढून पाहिला.

हे सारे मला समजले होते, निदान परीक्षेत लिहिण्याइतके तरी. तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष समुद्रात उतरायचे होते. त्या पहाटे मी उठले, तर नाक चोंदलेले. घसा जड. मला सर्दी झाली होती.

मी काय केले, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. मी कोणालाही सांगितले नाही. आठ महिन्यांची तयारी, इतक्या लांबचा प्रवास, भरलेले पैसे आणि उत्साहाने रात्रभर न झोपलेली मुलगी, हे सर्व डोळ्यांपुढे आले. एका सर्दीपायी तिचा विरस कसा करावा? पिशवीत नाक मोकळे करणारी गोळी होती, ती घेतली. होडीत मुलगी म्हणाली, “आई, तू नाकात बोलतेयस.” मी म्हणाले, “खारा वारा लागला.”

नांगराच्या दोराला धरून आम्ही खाली उतरू लागलो. पुढे प्रशिक्षक, मागे आम्ही दोघी समोरासमोर. दोन मीटरवर डावा कान दुखू लागला. मी फुंकर घातली; कान उघडला नाही. अधिक जोराने घातली. कळ थेट जबड्यापर्यंत गेली. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारले, ‘ठीक आहेस?’

मी तशीच खूण केली, ‘ठीक आहे.’

मराठीची एम. ए. झालेली मी त्या क्षणी दोन बोटांनी खोटे बोलले. सारवासारवीला जागा नसलेल्या त्या लिपीतही मी जागा शोधली होती.

तिने काचेआडून माझ्याकडे टक लावून पाहिले. मान हलवली. मग स्वतःच्या कानाकडे नव्हे, माझ्या कानाकडे बोट केले आणि अंगठा वर केला. मी हातानेच ‘थांब, थांब’ म्हटले. तिने पुन्हा अंगठा वर केला. तोवर प्रशिक्षक वळले होते. त्यांनी काही विचारले नाही. तीच खूण परत केली आणि आम्ही तिघेही सावकाश वर आलो.

होडीत चढताच मी चिडून म्हणाले, “मी ठीक होते. सगळं वाया घालवलंस.”

“मग तुझ्या भुवया का आवळल्या होत्या?” तिने विचारले. तिचा आवाज कापत होता. “तुला सर्दी झालीय. मला सकाळपासून माहीत होतं. मला वाटलं, तू आपण होऊन सांगशील. मोठी माणसं ऐकतच नाहीत. तुला खाली काही झालं असतं, तर मी काय केलं असतं?”

आणि ती रडू लागली. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजवर ‘हिला काही झाले तर मी काय करू?’ हा प्रश्न मी असंख्य रात्री स्वतःला विचारला होता. तोच प्रश्न तीही माझ्याविषयी विचारत असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. तिच्या आनंदासाठी म्हणून मी जे लपवले, त्याचा भार तिने पाण्याखाली, 13 व्या वर्षी, एकटीने उचलला होता.

सुकाणूशी बसलेले वयस्क नावाडी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “वैनी, दर्या खंय पळान जाता? आज नाय तर उद्या.” मग त्यांनी माझ्या अंगावरचे लाइफ जॅकेट नीट बांधले आहे ना, ते पाहिले आणि होडीतली माणसे मोजली. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. पाण्याखालचे नियम पाळून वर आलेल्या माणसालाही किनारा गाठेपर्यंत सावध असावे लागते, हे त्या किनाऱ्यावर कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

डॉक्टरांनी कान तपासला. पडदा लालसर झाला होता, पण फाटला नव्हता. सर्दी पूर्ण बरी होईपर्यंत पाण्यात उतरू नका, असे त्यांनी सांगितले. या वेळी मी ऐकले. पुढचे दोन दिवस मुलगी प्रशिक्षकांना जोडीदार करून बुड्या मारत राहिली आणि मी होडीत बसून बुडबुड्यांकडे पाहत राहिले. एखादा माणूस खाली गेला आहे आणि आपण वर आहोत, तेव्हा वेळ किती सावकाश जातो! पण तिच्यासाठी घाबरताना मला एक आधार होता. आपल्याला काही झाले, तर ती लपवणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. ती असे करील का, असा प्रश्न कोणाच्या मनात यायचा असेल, तर तो माझ्याविषयी यायला हवा होता.

चौथ्या बुडीनंतर तिचे शिक्षण पुरे झाले. गोव्याहून विमान होते. पण त्याआधी एक पूर्ण दिवस आम्ही माहेरी काढला. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन वायू शरीरात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. लगेच उंचावर गेले, तर त्याचे बुडबुडे होऊन अपाय होतो. म्हणून अनेक बुड्यांनंतर निदान 18 तास विमानप्रवास टाळायचा असतो. थांबण्याचा हाही एक धडा.

माझे शिक्षण मात्र अपुरे राहिले होते. मार्चअखेरीस, मुलीची वार्षिक परीक्षा संपल्यावर, आम्ही पुन्हा मालवणला गेलो. या वेळी निघण्यापूर्वी आम्ही एक करार केला होता. रोज सकाळी दोघींनी एकमेकींना विचारायचे, ‘झोप कशी झाली? नाक, कान, पोट ठीक? मनात भीती आहे?’ आणि खरे उत्तर द्यायचे. भीतीचे उत्तर बहुतेक सकाळी ‘आहे’ असेच असे. ते बोलून दाखवले, की ती निम्मी होई. त्या 10 मीटर खाली नेलेल्या फुग्यासारखी.

माझ्या शेवटच्या बुडीत मुलगी माझी जोडीदार होती. कान आज सहज उघडले. सहा मीटरवर खडक दिसू लागले. त्यांच्यावर प्रवाळाचे थर, खाचांतून ये-जा करणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, वरून झिरपणारा हिरवट उजेड. काहीही हाताळायचे नाही, हा येथला नियम. कारण प्रवाळ दगडासारखे दिसले, तरी ते जिवंत असते आणि फार सावकाश वाढते. आम्ही हात छातीशी घेऊन तरंगत राहिलो. जिच्या काठी माझे बालपण गेले, त्या समुद्राचे घर मी पहिल्यांदाच आतून पाहत होते. घोट्याएवढ्या पाण्यातून येथवर यायला मला 40 वर्षे लागली होती.

दाबमापकाचा काटा ठरल्या आकड्यावर येताच मी तो तिला दाखवला. तिने आपला दाखवला. अंगठे वर झाले. पाच मीटरवर दोराला धरून आम्ही तीन मिनिटे थांबलो. वर जाण्यापूर्वी शरीराला द्यायची ही उसंत. त्या तीन मिनिटांत करण्यासारखे काहीच नसते. एकमेकींकडे पाहायचे, शांतपणे श्वास घ्यायचा, एवढेच. मुलगी वाढवताना अशी तीन मिनिटे मी तिला क्वचितच दिली असतील.

आता माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. ते भिंतीवर लावलेले नाही. आपल्यापैकी अनेकांनी वय वाढल्यावर पुन्हा वही-पेन हाती घेतले आहे; काहींच्या घरी तर मुलेच त्यांचा अभ्यास घेत असतील. मुलांपुढे चुकणे त्या वेळी अवघड वाटते. मला आता एवढेच म्हणावेसे वाटते, की चुकण्याने मुलांच्या मनातले आपले स्थान ढळत नाही. आपले दुखणे आणि आपले अज्ञान त्यांच्यापासून लपवले, तर मात्र आपण त्यांना एकटे पाडतो.

चंदीगडला परतल्यावर आम्ही पुन्हा एकदा कॅपिटल कॉम्प्लेक्सला गेलो. वारा होता. तो उघडा हात आपल्या उंचीवर सावकाश वळत होता. मुलगी त्याच्या पायाशी उभी राहिली आणि मला हाताने खूण केली, ‘ठीक आहेस?’

मी लगेच उत्तर दिले नाही. आधी स्वतःला विचारून पाहिले. गुडघा जरा दुखत होता. मी तळवा आडवा धरून डोलावला आणि गुडघ्याकडे बोट केले. ती धावत आली, माझा हात धरला आणि आम्ही जवळच सावलीत जाऊन बसलो.